जावयाला हात लावाल तर

परदेशातून घोडा आणायचा म्हटलं की नियमांचं एक जाडजूड बाड समोर येऊन पडतं. घोडी असेल तर एवढे नियम, नर घोडा असेल तर त्याच्या दुप्पट. आणि त्याच नराला खच्ची करून आणलं की निम्मे नियम आपोआप गळतात. साहेबांच्या कपाळावरची आठी मोडते, शिक्के धडाधड पडतात, घोडा सुखाने घरी. ज्याच्यात काही उरलं नाही त्याची कुणालाच भीती वाटत नाही. माणसांच्या बाबतीतही असंच चालतं हे ताईला फार लवकर कळलं होतं, आणि कळल्यापासून तिचं या गोष्टीशी जे वाकडं आलं ते कायमचं.

ताई म्हणजे तबेलेवाल्याची थोरली लेक. बाप शहराच्या कडेला पोरासोरांना घोड्यावर बसायला शिकवायचा. ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंही चालायला लागण्याआधी खोगिरावर बसली. पण मिसरूडसुद्धा न फुटलेल्या धाकट्याच्या हातात बापाने नर घोड्याचा लगाम दिला आणि ताईच्या हातात शेणाचं घमेलं. मुलीने तबेला झाडावा, घोड्यांना चंदी घालावी, नराच्या वाटेला जाऊ नये, असा बापाचा हिशोब. ताईने त्याला सांगितलं, मी परदेशात चालले, तिथे घोड्यांची पैदास करणाऱ्या एका मोठ्या फार्मवर मोतद्दाराची जागा आहे. बाप नाही म्हणाला. ताई गेली.

तिथेही सुरुवातीला घमेलंच आलं, पण ताईला तिथे कुणी हटकलं नाही. पाहता पाहता ती नरांच्या रांगेपर्यंत पोचली. लाथा खाल्ल्या, एकदा खांदा निखळला, एका घोड्याने दंडाचा लचका तोडला. दंडावरचा तो वण ती लोकांना दागिन्यासारखा दाखवायची. लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "घोड्यांमधून सवड झाली नाही," आणि विचारणाऱ्याकडे अशी बघायची की तो पुन्हा विचारायचा नाही.

त्या फार्मवर तिला जावई भेटला.

कागदावर त्याचं वीतभर लांब खानदानी नाव होतं. जावई हे ताईने ठेवलेलं. पाहुणचारात जरा उणं-अधिक झालं की हा तोंड भिंतीकडे करून उभा. चंदी आधी शेजारच्याला घातली की हा लाथ मारून बादली उलटी करणार. म्हणून ताईने पद्धतच पाडली होती: खरारा असो, नाल असो, औषध असो, पहिला मान जावयाचा. बाकीचे मोतद्दार हसायचे. पण जावई तिच्या मागून कोकरासारखा चालायचा, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याच मागून चालायचा नाही.

लहानपणी त्याचा पुढचा गुडघा मोडला होता, त्यामुळे शर्यत त्याच्या नशिबात नव्हती. फार्मवर त्याला एकच काम होतं. घोडी माजावर आली आहे का, हे बघायला आधी जावयाला तिच्यासमोर न्यायचं. मध्ये आडवी लाकडी फळी. जावई मान ताठ करून खिंकाळायचा, नाक फेंदारायचा, सगळी कला दाखवायचा. घोडीने कान मागे पाडून लाथ झाडली तर ती तयार नाही. शेपूट बाजूला घेतली तर आहे. ती तयार आहे असं कळलं रे कळलं की जावयाला ओढून मागे न्यायचं आणि तो नामवंत, महागडा घोडा पुढे आणायचा. मुलगी पसंत करायची याने आणि संसार दुसऱ्याने थाटायचा. वर्षानुवर्षं दर मोसमात हेच चाललं होतं. त्याला मागे ओढायचं काम ताईचं होतं, आणि दर वेळी दोर ओढताना तिला स्वतःची लाज वाटायची. असल्या कामाला लाज काय, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. पण तिला वाटायची.

ताईने घरी परतायचं ठरवलं तेव्हा मालकाने विचारलं, "निरोपाची भेट काय हवी?"

"जावई द्या," ताई म्हणाली.

मालकाला आधी वाटलं, बाई थट्टा करते आहे. मग त्याने घोडा देऊन टाकला. ताईच्या मनात सरळ बेत होता. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, तबेला आता धाकटा चालवत होता. तिथे घोड्या होत्या. तिथे जावयाला कुणी मागे ओढणार नाही, हे तिने त्याला तबेल्यात उभं राहून मोठ्याने सांगितलंही होतं.

आणि निघायच्या आदल्या महिन्यात तिने घोटाळा केला. फार्मवरच्या सगळ्या नरांना एका रोगाची लस टोचायची होती. नियम असा की आधी रक्त घ्यायचं, मगच लस. कारण लस टोचली की रक्तात ज्या खुणा उठतात त्या आणि रोगाच्या खुणा सारख्याच. लशीआधीचं रक्त स्वच्छ होतं एवढं दाखवता आलं की पुढे कुणी बोट दाखवत नाही. रक्त घेणारा रांगेच्या एका टोकाकडून निघाला. जावई दुसऱ्या टोकाला. सुई बघून जावई दाराला लाथा घालायला लागला, आणि लस टोचणारा डॉक्टर नेमका त्याच्याच दारापाशी हात चोळत उभा होता. ताई म्हणाली, "याला आधी टोचून टाका, नाहीतर दार मोडेल." डॉक्टरने टोचलं. रक्तवाला तिथे पोचला, टोचल्याची खूण बघून म्हणाला, "आता घेऊन उपयोग नाही," आणि पुढे गेला. ताईला त्यात काही वावगं वाटलं नाही. जावयाचा मान राखला गेला होता.

आपल्या देशात विमान उतरलं आणि जावई थेट क्वारंटाइनच्या तबेल्यात गेला. विमानतळाच्या मागे ती जागा. माश्या-डास शिरू नयेत म्हणून खिडक्यांना बारीक जाळी, दारात औषधी पाण्याचा उथळ हौद, आत पांढऱ्या फरश्या आणि नाक झोंबणारा वास. बाहेरच्या माणसाला आत जायची बंदी. ताई कुंपणाबाहेर उभी राहून शीळ घालायची आणि आतून जावई खिंकाळायचा. रखवालदार म्हणायचा, "बाई, तुमचा माणूस आला असता तरी एवढं कुणी बोललं नसतं."

तिथली डॉक्टरीणबाई बुटकी, चष्म्याच्या दोरीशी सतत चाळा करणारी, आणि कामाला अतिशय चोख. तिने जावयाच्या रक्ताच्या सगळ्या चाचण्या केल्या. फुप्फुसात गाठी आणणारा रोग नाही. रक्त नासवणारा नाही. ताईचा जीव भांड्यात पडतोय तोच डॉक्टरीणबाई म्हणाली, "एकात मात्र अडकलाय."

"त्या खुणा लशीच्या आहेत," ताई म्हणाली.

"असतीलही. लशीआधीचं रक्त कुठंय?"

"घ्यायचं राहिलं."

"मग लशीच्या का रोगाच्या, मी कसं ठरवू?"

"मी सांगते ना! मी स्वतः धरला होता त्याला."

"बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. घोड्यावर नाही." तिने चष्मा पुसला. "हा रोग नराच्या अंगात लपून बसतो. घोडा ठणठणीत दिसतो आणि तो ज्या घोडीला लागेल तिचा गर्भ पडतो. ती घोडी पुन्हा शेजारणीला देते."

"अहो, याने जन्मात घोडीला हात लावलेला नाही!"

"पुरावा?"

"आता ब्रह्मचर्याचा पुरावा कुठून आणू?"

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसली, पण मान काही हलवली नाही. नियमात खोट नव्हती, हेच ताईला जास्त झोंबलं. एका मोसमात शेजारच्या फार्मवर अर्धवट वाढलेली शिंगरं गवतात पडलेली तिने स्वतः पाहिली होती. भांडायला समोर एखादा मूर्ख असता तर बरं झालं असतं. इथे समोर शहाणी बाई होती आणि चूक आपली.

"मग आता?"

"आल्या वाटेने परत पाठवा. नाहीतर खच्ची करा. हा विषाणू नराच्या जोरावर जगतो. तो जोर गेला की हळूहळू हाही जातो. तुमच्या भावाची सही लागेल, आयात त्यांच्या नावाने आहे."

"आणि तिसरी वाट?"

"आहे, पण तिने कुणी जात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ज्यांच्या रक्तात काहीच नाही अशा दोन घोड्या आणा. इथे, माझ्यासमोर, याला त्या दोघींवर सोडायचं. मग महिनाभर त्या इथेच बंद. महिन्याने त्यांचं रक्त स्वच्छ निघालं तर हा स्वच्छ. नाही निघालं तर हा गेलाच, आणि घोड्याही कितीतरी दिवस इथेच अडकल्या. परक्या घोड्यासाठी स्वतःच्या घोड्या कोण पणाला लावणार?"

ताई घरी आली तेव्हा धाकटा खुशीत होता. खोगिरं पुसता पुसता म्हणाला, "ताई, काळजी सोड. डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला होता. मी जाऊन सही करून आलो."

"कसली सही?"

"खच्ची करायची. छोटंसं ऑपरेशन. दोन दिवसांत घोडा घरी. आणि बरंच झालं बघ, शांत होईल, पोरांना बसवता येईल. तुझ्याही हाताला काम मिळेल."

"कुणाला विचारून केलीस?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंस."

"अगं, घोडा तो! त्याला काय कळतंय?"

ताईचा आवाज चढला. "त्याला जन्मभर नुसता दाखवायला उभा केला. मी, या हातांनी. मागे ओढला, पुढे नेला, पुन्हा मागे ओढला. आता ज्याच्यासाठी उभा केला तेच कापून टाकायचं आणि वर म्हणायचं, बघा कसा गुणी झाला! माझ्या जावयाला कुणी हात लावायचा नाही."

धाकटा वाईट माणूस नव्हता. कुणाचंही काम अडू नये असं त्याला मनापासून वाटायचं, आणि ते सुटावं म्हणून जो कोणी गप्प बसेल त्याचं तो कापायचा. ताई तशीच उलट पावली क्वारंटाइनला गेली, मागोमाग धाकटाही. डॉक्टरीणबाईने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भांडणातल्या घोड्यावर मी सुरी चालवत नाही. पण जागा अडवूनही ठेवणार नाही, पुढचे घोडे विमानात बसलेत. सोमवारपर्यंत घोड्या आणा. नाही आल्या तर भावाची सही धरून मी माझं काम करणार."

ताईने आसपासचे सगळे तबेले पालथे घातले. जावयाचं नाव काढलं की लोक दारं ओढून घेत. एकाने घोडी लंगडी असल्याचं सांगितलं, आणि ती घोडी त्याच्या मागे मैदानात उधळत होती. एक बाई म्हणाली, "दिली असती हो, पण आमची फार लाजरी आहे." एका म्हाताऱ्या घोडेवाल्याने चहा पाजला, जावयाची विचारपूस केली, गुडघा कसा मोडला तेही ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "खच्ची करून टाक पोरी, सुखी होशील." ताईने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठली.

दोन निरोगी, वयात आलेल्या, कुणाकडेच न गेलेल्या घोड्या तिला ठाऊक होत्या. त्या धाकट्याच्याच तबेल्यात होत्या. एक शहाणी, जिच्या पाठीवर अर्ध्या शहराची पोरं घोडा शिकली होती. दुसरी खट्याळ, जी उरलेल्या अर्ध्यांना पाडायची आणि तरी पोरं तिच्यावरच बसायला रांगा लावायची. धाकट्याची शिकवणी या दोघींवर चालायची. मागून मिळणार नाहीत, हे उघड होतं.

बाप जाताना तबेला दोघांच्या नावाने ठेवून गेला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ताई तर कधीच बोलली नव्हती. परदेशात राहणारी, एकटी, तिला काय करायचाय वाटा, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि चांगली बहीण म्हणवून घेण्यात तिलाही गोडी वाटत आली होती.

रविवारी दुपारी दोघं जेवायला बसली होती. भावजय वाढत होती.

"मला माझा वाटा हवाय," ताई म्हणाली.

धाकट्याचा घास हातातच राहिला. "कशातला?"

"बापाच्या तबेल्यातला."

"आज? असा अचानक?"

"अचानक कुठला? बाप गेल्यापासून आहे तो. फक्त शहाणी आणि खट्याळ दे. जागा तुझी, बाकीचे घोडे तुझे, खोगिरं, नाव, सगळं तुझं. पुढे कशावर बोट ठेवणार नाही."

"त्या दोघींवर माझं घर चालतं, ताई!"

"माहीत आहे. माझं कशावर चालतं ते तू कधी विचारलंस?"

"एका लंगड्या घोड्यासाठी तू भावाच्या ताटातलं ओढतेस?"

"माझ्या ताटातलं मागते आहे. इतकी वर्षं ते तुझ्या पानात वाढलं जात होतं, मी काही बोलले नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बहिणीने वाटा मागितला. खरंच आहे ते."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं, तिने काही तरी बोलावं म्हणून. भावजय भांडं खाली ठेवत म्हणाली, "बरोबर मागताहेत ताई. मी माझ्या भावाकडे नाही मागितला. तो चांगला गब्बर झाला आणि मला अजून झोप लागत नाही."

शेवटी धाकटा उठला, हात धुतले आणि पाठमोराच म्हणाला, "घेऊन जा. पण नेल्यास तर पुन्हा या दारात येऊ नकोस."

"बरं," ताई म्हणाली. तिने पानातलं सगळं संपवलं. आता तिच्याकडे घर नव्हतं, भाऊ नव्हता, होत्या दोन घोड्या, आणि जावयाच्या अंगात खरंच काही लपलेलं असेल तर त्याही जाणार होत्या.

घोड्यांचं रक्त स्वच्छ निघालं. डॉक्टरीणबाईने त्यांना माजावर आणायचं इंजेक्शन दिलं. दिवस ठरला तेव्हा एक नवीच पंचाईत उभी राहिली. जन्मात कधी घोडीवर न गेलेल्या, थोराड, तापट नराचा दोर धरायला तिथल्या माणसांपैकी एकही तयार होईना. साहेबांना विचारून डॉक्टरीणबाईने ताईला आत घेतलं: अंघोळ करून, तिथलेच कपडे, तिथलेच बूट, बाहेर पडताना पुन्हा अंघोळ.

शहाणीला मधोमध उभं केलं. ताईने जावयाला आणलं. त्याने मान ताठ केली, खिंकाळला, नाक फेंदारलं, आपली सगळी कला दाखवली. शहाणीने शेपूट बाजूला घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "तयार आहे."

आणि जावई वळला. आपणहून वळला, घोडीकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड करून शांत उभा राहिला. त्याचं काम झालं होतं. आता कुणी तरी दोर ओढणार आणि त्याला घेऊन जाणार.

ताईला रडू फुटलं. परदेशात इतकी वर्षं काढली, खांदा निखळला, भावाने दार बंद केलं, तेव्हा नव्हतं फुटलं. तिने त्याच्या मानेवर कपाळ टेकलं. "अरे बाबा, आज दुसरं कुणी यायचं नाही. आज तूच."

तिने त्याला पुन्हा फिरवलं. तो गेला, घोडीला हुंगलं आणि पुन्हा वळला. तिसऱ्यांदाही तेच. भिंतीपाशी उभा असलेला रखवालदार हळूच म्हणाला, "याला कुणी शिकवायला लागतंय का काय?" डॉक्टरीणबाईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. ताईने मग दोर जेवढा लांब सोडता येईल तेवढा सोडला आणि स्वतः त्याच्या मागे, दाराच्या वाटेत जाऊन उभी राहिली. जावयाने वळून पाहिलं. बाहेर जायची वाट अडलेली होती आणि त्याला ओढायला कुणीच येत नव्हतं. तो बराच वेळ तसाच थांबला. मग त्याच्या कानांत काही तरी बदललं. शहाणीही आपल्या नावाला जागली, जागची हलली नाही. पहिल्यांदा मोडक्या गुडघ्याने दगा दिला आणि तो घसरून खाली आला. दुसऱ्यांदा नाही घसरला.

रखवालदाराने टाळी वाजवली.

"टाळ्या नकोत," डॉक्टरीणबाई म्हणाली, "हा तपास आहे." पण चष्मा काढून तिने उगाचच दोनदा पुसला. खट्याळच्या वेळी जावयाला काही शिकवावं लागलं नाही. उलट आवरावं लागलं.

मग तो महिना सुरू झाला. ताईने क्वारंटाइनच्या समोर, टायरच्या दुकानावरची एक खोली घेतली. खिडकीतून जाळीदार तबेल्याचं छप्पर दिसायचं. भावजय अधूनमधून डबा घेऊन यायची, धाकट्याचं नाव न काढता घरचं सगळं सांगायची. शिकवणीची पोरं कमी झाली होती. ताई ऐकून घ्यायची. वाईट वाटायचं, पण पश्चात्ताप नव्हता, आणि असल्यासारखं तिने दाखवलंही नाही.

महिना अर्धा सरला आणि खट्याळला ताप भरला. मागचा पाय सुजला. त्या रोगात तापच येतो आणि पायच सुजतात, हे ताईला चांगलं ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरला. वरून साहेबांचा फोन आला: कशाला तमाशा लांबवता, नराला खच्ची करा, सही आहे आपल्याकडे.

डॉक्टरीणबाईने फोन हातात धरूनच ताईला विचारलं, "काय सांगू?"

"सांगा, महिना पुरा झालेला नाही. नियम तुमचाच आहे. मी पाळतेय, साहेबांनीही पाळावा."

डॉक्टरीणबाईने तसंच्या तसं सांगितलं. मग आत जाऊन खट्याळचा एकच सुजलेला पाय वर उचलला, खूर तासला, तेव्हा आतून पू आणि त्याच्यामागून बारीक खडा निघाला. आत येतानाच केव्हा तरी लागला असावा. खट्याळने डॉक्टरीणबाईच्या कोपराला चावून आभार मानले.

शेवटचं रक्त गेलं त्या दिवशी ताईने खोली आवरली, कपडे बांधले. निकाल काहीही आला तरी ती धाकट्याच्या दारात जाणार नव्हती, आणि जावई खच्ची होऊन बाहेर येणार नव्हता. वाईट निकाल आला तर ती त्याच्यासोबत परत विमानात बसणार होती. कुठे ठेवायचा, काय खायचं, ते तिकडे गेल्यावर बघितलं असतं. हे तिने डॉक्टरीणबाईलाही सांगून ठेवलं होतं.

निकाल घेऊन डॉक्टरीणबाई स्वतः कुंपणापाशी आली. "दोघींचं रक्त स्वच्छ. तुमचा जावई खरं बोलत होता. म्हणजे तुम्ही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि शहाणी गाभण आहे. तपासात ते येत नाही, पण मी बघितलं."

ताई कुंपणाची तार घट्ट धरून उभी राहिली, इतकी की तळव्यावर वळ उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. पुढे जावई, मागे दोन्ही घोड्या. बाहेर ताईने ठरवलेली गाडी उभी होती, आणि तिच्या पलीकडे धाकटा. दाढी वाढलेली, हातात शहाणीची जुनी मोरकी.

"गाभण आहे म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"घरी चल ताई. मी रागात बोललो."

"मीही रागातच ऐकलं. पण जागा बघितलीय. रेल्वेरुळांपलीकडे एक रिकामं गोदाम आहे, पुढे मोकळं मैदान. तिथेच राहणार. तू ये, मी दार लावणार नाही."

धाकटा शहाणीच्या जवळ गेला. तिने त्याच्या खिशात नाक खुपसलं, नेहमीसारखं. त्याने तिच्या पोटावर हात ठेवला आणि तो काढायचं त्याला सुचेना. तो बराच वेळ चाचपडत राहिला.

"ताई, हिला मी लहानाची मोठी केली. म्हणजे मी म्हणत नाही तसं. पण आता जे शिंगरू होईल त्यात… निम्मं तरी…" त्याला पुढचं बोलवेना. त्याने तिच्याकडे बघितलं, तिने समजून घ्यावं म्हणून.

ताईला सगळं समजलं होतं. ती जावयाचा दोर हाताला गुंडाळत उभी राहिली.

"वाटा हवाय ना? मग माग की तोंडाने," ती म्हणाली. "मलाही न मागता कुठे मिळाला?"